पावसाळी मुक्कामात हॅमकमध्ये मध्यरात्री पाठ भिजते : पाणी नेमकं कुठून येतंय ते कसं शोधायचं

दोन झाडांमधे टांगलेल्या कापडी झोळीत, म्हणजे हॅमकमध्ये, रात्री नऊला कोरडे झोपता. वर छप्पर म्हणून बांधलेल्या हलक्या ताडपत्रीवर, म्हणजे टार्पवर, पाऊस वाजत असतो, आत सगळं व्यवस्थित असतं. मग दोन-अडीचला जाग येते, कारण पाठ गार पडलेली असते. हात लावला तर कापड दमट लागतं. उठून वर बघावं तर टार्प जागच्या जागी. सकाळी स्लीपिंग बॅग जड, कपडे ओले, आणि अजून दोन दिवसांची चाल बाकी.

ही तक्रार माझ्याकडे दर जून-जुलैत येते. गेले आठ पावसाळे मी घाटमाथ्यावर एकटा हॅमक टांगून राहतोय. खांडसहून भीमाशंकर, तिथून आहुपे, पुढे दुर्गवाडी, आणि नाणेघाटाने वैशाखऱ्याला खाली उतरून कल्याणची एसटी, ही चार दिवसांची चाल माझी ठरलेली. पहिली तीन वर्षं हा बिघाड मी स्वतः सोसला, नंतर बऱ्याच मित्रांच्या हॅमकमध्ये शोधून काढला. जवळजवळ प्रत्येकाने आधी नवा, महागडा टार्प घेतलेला असतो. बहुतेक वेळा टार्पचा काही दोष नसतो. म्हणून आधी पैसे खर्च करू नका, आधी ओल कुठे आहे ते बघा.

लक्षणं नीट ओळखा

डोक्याच्या किंवा पायाच्या टोकाशी, कापड चुणून एकत्र येतं तिथे ओल, आणि तिथून मध्याकडे सरकत आलेली : पाणी स्ट्रॅपवरून, म्हणजे हॅमक झाडाला बांधायच्या पट्ट्यावरून येतंय.

एकच कुशी भिजलेली, दुसरी कोरडी : वाऱ्याने झोडपलंय.

कंबरेखालचा भाग चिंब, कापडाला गवताच्या काड्या चिकटलेल्या : हॅमक रात्रीत खाली बसलाय.

खांद्यापासून कंबरेपर्यंत गार आणि दमट, पण बाहेरून हात लावला तर कापड कोरडं : हा पाऊस नाहीच.

तोंडावर बारीक शिंतोडे, पाऊस थांबला तरी चालूच : टार्पच्या आतल्या बाजूला दव धरलंय.

एकाच ठिकाणी ठरावीक अंतराने टपटप : शिवण.

निदानाला एक कोरडा सुती रुमाल पुरतो. टॉर्च लावा, रुमालाने आधी टार्पच्या आडोशातला स्ट्रॅप पुसा, मग टार्पची आतली बाजू, मग हॅमकचं बूड बाहेरून. तिन्हीपैकी रुमाल कुठे ओला होतो ते लक्षात ठेवा आणि खाली त्या जागी या. अंदाज उजाडल्यावर बांधलात तर फसाल, कारण तोपर्यंत सगळंच ओलं झालेलं असतं.

पहिली तपासणी : नाडी

पायजम्याची सुती नाडी. खर्च जवळजवळ शून्य, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटताना मी पाहिल्यात.

पावसात झाडाचं खोड म्हणजे पन्हळच. पानांवरचं पाणी फांद्यांवरून खोडावर येतं आणि खोडावरून खाली धावतं. वाटेत तुमचा स्ट्रॅप आडवा येतो. तो झाडाकडून हॅमककडे उतरता असतो, त्यामुळे पाणी त्याला धरून सरळ तुमच्या डोक्याशी पोचतं. कापडाने ते एकदा शोषलं की हळूहळू मध्याकडे येतं, आणि शरीराच्या वजनाने पाठीखाली खोलगट झालेलं असतं तिथे जमतं. म्हणून पाठ भिजते ती दोनला, नऊला नाही.

दोन्ही स्ट्रॅपना हॅमकच्या टोकाच्या अलीकडे, पण टार्पच्या छपराखाली येईल अशा जागी नाडीचा वीतभर तुकडा घट्ट गाठ मारून लोंबता ठेवा. पाणी गाठीशी आलं की नाडीत शिरतं आणि टोकावरून जमिनीवर गळतं. गाठ टार्पच्या बाहेर मारली तर उपयोग नाही, तिच्या पुढचा स्ट्रॅप पुन्हा भिजतो. नायलॉनची दोरीही नको, सूत पाणी ओढतं तसं ते ओढत नाही. टार्पची आढ्याची दोरी टार्पच्या खालून आरपार जात असेल, तर तिलाही दोन्ही टोकांशी नाडी लागेल.

बांधल्यावर पाच मिनिटं टॉर्च धरून नाडीकडे बघत बसा. आधी ती गडद होते, मग टोकाशी थेंब फुगतो, लोंबतो, सुटतो. थेंबामागे थेंब सुरू झाले की समजा, आतापर्यंत हे सगळं तुमच्या अंथरुणात जात होतं.

दुसरी : टार्प कुठे आणि कसा लावलाय

यालाही पैसे लागत नाहीत, पण अंधार पडायच्या आत करावं लागतं. टार्प उंच लावायचा मोह होतो, उभं राहून कपडे बदलता येतात म्हणून. जोराच्या पावसात तो हॅमकच्या वरच्या दोरीपासून (हॅमकची दोन टोकं जोडणारी दोरी) वीतभरच उंच हवा, आणि वाऱ्याकडची बाजू गुडघ्याच्याही खाली ओढलेली हवी. लांबीला दोन्ही टोकांकडे हॅमकपेक्षा किमान फूटभर जास्त. त्याहून कमी असेल तर तिरपा पाऊस टोकं भिजवणारच, तिथे नाडीही हात टेकते.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून झाडं शक्यतो उत्तर-दक्षिण निवडायची, म्हणजे टार्पची उतरती बाजू वाऱ्याला सामोरी जाते आणि उघडी टोकं वाचतात. ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसाचा भरवसा नाही. तो दुपारनंतर गडगडाटासकट पूर्वेकडूनही येतो, तेव्हा आभाळ बघून ठरवायचं.

सर्वांत जास्त लोक फसतात ते कड्याच्या काठाशी. सूर्यास्त दिसतो, खाली कोकण दिसतं, म्हणून तिथे टांगतात. नाणेघाटाचा उलटा धबधबा पाहिला असेल तर कारण वेगळं सांगायला नको. कोकणातून येणारा वारा कड्याच्या भिंतीवर आपटतो आणि सरळ वर उसळतो, बरोबर पाणी घेऊन. काठावर पाऊस खालून वर येतो. वरचं छप्पर कितीही चांगलं असो, हॅमकचं बूड भिजणारच. माझा नियम : काठापासून निदान पाच-सात मिनिटं आत चालत यायचं, आणि मधे झाडी किंवा उंचवटा असेल अशीच जागा घ्यायची.

ओढ्याच्या पात्रात किंवा काठालगतही नको, मग झाडं कितीही सरळ असोत.

तिसरी : ताण

नायलॉनचा टार्प ओला झाला की सैल पडतो. हा त्या धाग्याचा स्वभाव आहे, तुमची गाठ चुकलेली नसते. सैल टार्पात पाणी साचतं, पोट लोंबतं, आणि वाऱ्याच्या झोताने ते पोट हॅमकला टेकलं की तिथून ओल उतरते. पाऊस सुरू होऊन तासभर झाला की एकदा उठून चारी कोपरे पुन्हा ओढा. उठायचं नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चार चकत्या कापा आणि टार्पचा कोपरा आणि दोरी यांच्यामध्ये अडकवा. टार्प सैल पडला की रबर ते अंतर ओढून घेतं. पॉलिएस्टरच्या टार्पला हा त्रास फारसा होत नाही.

चौथी : हॅमक किती ताणलाय

स्ट्रॅप आडवा, तारेसारखा ताणून बांधला की झोपायला सपाट मिळेल असं वाटतं. होतं उलटंच. स्ट्रॅपचा जमिनीशी कोन साधारण ३० अंश असेल, तर ८० किलोच्या माणसाचा प्रत्येक स्ट्रॅपवर जवळजवळ ८० किलोचाच भार येतो. तोच कोन १० अंशांवर आणलात तर भार २३० किलोच्या आसपास जातो. एवढ्या ओढीत नायलॉनचा ओला स्ट्रॅप रात्रभर लांबत राहतो आणि पहाटे कंबर गवताला लागते. स्ट्रॅप पॉलिएस्टरचेच घ्या आणि झोळ राहू द्या. झाडं चार-पाच मीटरवर असतील तर साधारण डोक्याच्या उंचीवर बांधायचं आणि मधे बसल्यावर खुर्चीवर बसल्यासारखं वाटलं पाहिजे. वरची दोरी हॅमकच्या लांबीच्या ८३ टक्के ठेवतात, म्हणजे ३ मीटर ३५ च्या हॅमकला सुमारे २ मीटर ८०. ती एकदा कायमची बांधली की झोळ दर रात्री सारखा येतो. झोपायचं मात्र तिरकं, तरच पाठ सरळ राहते.

स्ट्रॅप किमान इंचभर रुंद असू द्या. या पट्ट्यात तुमच्या हाताशी येणारं झाड बऱ्याचदा हिरड्याचं असतं, आणि त्या हिरड्यावर तिथल्या महादेव कोळी घरांचे वर्षाचे पैसे अवलंबून असतात. बारीक दोरीने त्याची साल कापायची नाही. देवराईत तर बांधायचंच नाही. तिथली वाळकी काटकीही गावातली माणसं उचलत नाहीत.

पांगारा आणि सावर ठिसूळ, उंबराच्या फांद्यांचा भरवसा नाही. आंबा, जांभूळ, ऐन चांगले, पण वर मान करून वाळलेली फांदी लटकत नाही ना ते बघितल्याशिवाय कुठलंच झाड नाही. खोडाला हात घालण्याआधी फांद्यांवरून टॉर्च फिरवा. पावसाळ्यात चापडा, म्हणजे हिरवा विषारी साप, हिरव्या फांदीवर पानासारखा गप्प बसलेला असतो.

पाचवी : पाणी नाहीच, वारा आहे

हा बिघाड लोकांना पटायला सर्वांत जड जातो, म्हणून इथे जरा थांबतो.

तिसऱ्या पावसाळ्यात, आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीत, पहाटे कुडकुडत मी एका घराच्या पडवीत जाऊन बसलो. आदली रात्र मी घरापासून हाकेच्या अंतरावर काढली होती. नाड्या बांधलेल्या होत्या, टार्प खाली होता, तरी पाठ बर्फ. घरातल्या मामांनी चुलीपुढे बसवलं, काळा चहा दिला. समोर आढ्याला लुगड्याची झोळी टांगलेली, तिच्यात सहा-सात महिन्यांचं बाळ. मामींनी बाळ उचललं तेव्हा दिसलं की झोळीच्या तळाशी गोधडीची जाड घडी घातलेली होती, आणि बाळाच्या अंगावर फक्त पातळ फडकं. मी बघत होतो ते मामांनी पाहिलं.

“तुम्ही वरून किती पांघरता दादा,” ते म्हणाले, “वारं तर खालून लागतंय.”

तेवढं एक वाक्य. स्लीपिंग बॅग ऊब धरते ती तिच्या फुगीरपणामुळे, आत अडकलेल्या हवेमुळे. तुम्ही तिच्यावर झोपलात की पाठीखालचा भाग दबून कागदासारखा होतो. जमिनीवर झोपलात तर खाली निदान जमीन असते. हॅमकखाली वाहता वारा असतो आणि तो रात्रभर पाठीची ऊब काढून नेतो. हवेत १८-२० अंश असले तरी ओलसर वाऱ्यात तेवढं पुरतं. शिवाय गारठा आणि ओल यांतला फरक अर्धवट झोपेत त्वचेला कळत नाही, गार लागलं की मनाला ओलंच वाटतं.

उपाय स्वस्तच आहे. आपली नेहमीची निळी किंवा काळी कॅरी मॅट (फोमची चटई) हॅमकच्या आत, तिरकी. ती सरकते, म्हणून हॅमक दोन पदरी असेल तर मॅट दोन पदरांच्या मधे घाला. खांदे मॅटच्या बाहेर जातात, तिथे जुन्या मॅटचा एक तुकडा आडवा टाका. त्याहून चांगलं म्हणजे हॅमकच्या खाली बाहेरून लटकणारी रजई, कारण ती दबत नाही. पण ती महाग आहे, आणि वाऱ्याने उडालेल्या पाण्यात भिजली तर जड होते. चार दिवसांच्या पावसाळी चालीला मी अजून मॅटच नेतो. मॅट असली की खालून कापडातून डास चावत नाहीत, हा आणखी एक फायदा.

मॅटचा एक तोटा सांगितला पाहिजे. तिच्यातून घाम जात नाही, म्हणून पाठ दमट होते. रुमालाने मॅटच्या खालची बाजू पुसा. ती कोरडी आणि वरची ओली असेल तर तो तुमचाच घाम. अंगातला एक कपडा कमी करा आणि मॅटवर पातळ फ्लीस पसरा.

सहावी : दव

घाटमाथ्यावर रात्रभर ढगात झोपलात तर टार्पच्या आतून पाणी धरणारच. श्वासाची वाफ त्यात भर घालते. टार्पची दोन्ही टोकं पूर्ण बंद केली असतील तर वाऱ्याच्या आडचं टोक थोडं उघडा आणि आतून एकदा फडक्याने पुसून घ्या. पूर्ण जात नाही. तेवढ्यावर झोपायला शिकावं लागतं.

सातवी : शिवण आणि लेप

हे डोंगरावर होत नाही, घरी करायचं. भांडुपला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या दोन खांबांमधे मी टार्प बांधतो, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरतो आणि रबरी नळीने वीस मिनिटं पाणी मारतो. वर्तमानपत्रावर जिथे गोल डाग पडतो त्याच्या बरोबर वर खूण करायची. सिलिकॉनचा लेप असलेल्या नायलॉनला हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन सीलंट टर्पेंटाईनमध्ये पातळ करून ब्रशने शिवणीवर लावा आणि दिवसभर वाळू द्या. पॉलियुरेथेनच्या लेपावर सिलिकॉन धरत नाही, त्याला त्याचा वेगळा सीलर लागतो. कुठला लेप आहे हे कळत नसेल तर आधी कोपऱ्यात बोटभर लावून बघा. वाळल्यावर नखाने सोलून निघालं तर चुकीचं आहे.

आता मुंबईचा खास रोग. टार्प काढून हुंगा. आंबूस वास येतोय, बोटांना चिकट लागतंय, आतून पापुद्रे सुटतायत? मग पॉलियुरेथेनचा लेप मेलाय. दमट हवेत तो आपोआप कुजतो, आणि ट्रेकहून आल्यावर ओला टार्प पिशवीतच माळ्यावर टाकला तर फार लवकर. याला दुरुस्ती नाही. इथे थांबा आणि नवा टार्प घ्या. यापुढे घरी आल्याच्या रात्रीच तो पंख्याखाली दोरीवर पसरायचा, चोवीस तास, आणि मगच सैल घडी.

कारागिराकडे कधी

ताडपत्री, छत्री, सॅक शिवणाऱ्याकडून टार्पची फाटकी कड, सुटलेला कोपरा जरूर शिवून घ्या. हॅमकच्या टोकाची शिवण किंवा स्ट्रॅपची वजन पेलणारी शिवण उसवली असेल, तर ती स्वतः शिवू नका आणि साध्या टेलरकडेही देऊ नका. हार्नेस आणि गिर्यारोहणाचे पट्टे शिवणारा माणूस मिळाला तर ठीक, नाही तर स्ट्रॅप कापून फेकून द्या, कोणी उचलून वापरणार नाही असा. दगडाच्या वर तीन फुटांवरून मणक्यावर पडणं एकट्या माणसाला परवडत नाही.

डोंगरावर कधी थांबायचं

वरच्या सगळ्या तपासण्या अंग ओलं झालं तर करायच्या आहेत. पुढच्या गोष्टी दिसल्या तर तपासत बसू नका.

हवामान खात्याचा लाल इशारा म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. त्या दिवशी कर्जत लोकलमध्ये बसायचंच नाही. चालीच्या मधे इशारा आला तर जवळच्या गावात जाऊन पडवी मागा. या माणसांनी मला कधी नाही म्हटलेलं नाही. माळीण आहुप्याच्याच आंबेगाव तालुक्यातलं, ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. उताराला नव्या भेगा, तिरकी झालेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा, भर पावसात आटलेला ओढा, यातलं काहीही दिसलं तर सामान टाकून बाजूला, उताराच्या वाटेतून बाहेर निघा, वाडीतल्या लोकांना उठवा आणि ११२ ला फोन करा.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांच्या आत असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. दोन उंच झाडांमधे ओल्या पट्ट्यांवर लोंबकळत राहू नका. पक्क्या घरात जा. घर नसेल तर एकट्या उंच झाडापासून लांब, सखल जागी, पाय जुळवून उकिडवे बसा.

आणि थंडी. थरथर होतेय तोवर शरीर लढतंय. कोरडे कपडे घाला, गोड काहीतरी खा, मॅटवर बसा. सॅकच्या तळाशी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत कपड्यांचा एक कोरडा जोड फक्त यासाठीच ठेवायचा. बोटांनी कॅराबिनरची कडी उघडता येत नाही, मोठ्याने स्वतःचं नाव-पत्ता म्हणताना जीभ अडखळते, किंवा गारठा तसाच असून थरथर थांबलीय आणि झोपावंसं वाटतंय, असं झालं तर ती मदतीची वेळ आहे. त्यानंतर डोकं साथ देत नाही, म्हणून फोन आधी करायचा, ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. कॉल लागत नसेल तर मेसेज पाठवा, रेंज क्षणभर आली तरी तो जाऊ शकतो.

भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत रात्री राहायचं तर वन खात्याची परवानगी आधी घ्या, आणि पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात तेही निघण्याच्या आदल्या दिवशी बघा. मी घरी फ्रिजवर एक कागद लावून जातो : प्रत्येक मुक्कामाचं गाव, वैशाखऱ्याला उतरायचा दिवस, आणि त्या दिवशी रात्री नऊपर्यंत माझा फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. आहुप्यातल्या मामांनाही जाताना सांगतो, दुर्गवाडीला कधी पोचेन ते.